उजवे आटे

आवाज तसा मोठा नव्हता. सुपारी फुटावी एवढाच; एकच, कोरडा. पण तो ऐकला आणि करुणाच्या दाढा आपोआप आवळल्या गेल्या. अभयनं पान्याला जोडलेला लांब पाइप हळूच खाली ठेवला, मनगटानं कपाळ पुसलं आणि सायकलीकडं न बघता तो दुकानाच्या काचेतून बाहेर, जालना रोडच्या गर्दीकडं बघायला लागला. तेव्हाच तिला कळलं होतं. तरी तिनं विचारलं, "निघालं का?" "निघतंय, मॅडम. जरा जाम आहे," तो म्हणाला आणि त्यानं पोराला कॉफी आणायला सांगावं तसं उगाच मागं वळून पाहिलं, पोरगा वगैरे कुणी नव्हतं. दुकान नवं होतं. भिंतीवर उलट्या टांगलेल्या महागड्या सायकली, पांढरा उजेड, रबराचा गोडसर वास. पेडलचा दांडा फ्रेमच्या तळाशी ज्या आखूड नळकांड्यातून आरपार जातो, त्याच्या दोन्ही तोंडांना आट्यांवर बसवलेल्या पोलादी वाट्या असतात. त्या काढायच्या, आतलं वाळून चिकट झालेलं ग्रीस पुसायचं, नव्या गोळ्या घालायच्या, एवढंच काम होतं. उजवीकडच्या वाटीचे आटे उलटे असतात, त्यामुळं ती आवळायच्या दिशेनं फिरवली की सुटते, असं अभयनं तिला आधीच समजावलं होतं, थोडं शिकवण्याच्या सुरात. सगळ्या सायकलींचं तसंच असतं, रोजचं काम आहे. या सायकलीचं तसं नव्हतं. इटालियन फ्रेमला दोन्ही तोंडांना साधे, उजवे आटे असतात, हे तिला त्याच संध्याकाळी घरी बसून, मोबाइलवर कुणा परक्या माणसानं लिहिलेलं वाचताना कळलं. म्हणजे इतका वेळ तो माणूस वाटी सोडवत नव्हता. आवळत होता. सगळं अंग पाइपवर टाकून आवळत होता, आणि ती शेजारी उभी राहून "हळू, हळू" म्हणत होती.

राग अभयचा येत होता, पण तो त्याच्यावर टिकत नव्हता. चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात ती नोकरीला होती तिथं तपासणी विभागात तिचं दिवसभराचं काम हेच होतं: आटे मोजणं. गेज घालायचा, बसला तर माल पुढं, नाही बसला तर लाल डब्यात. इतक्या वर्षांत तिच्या बोटांच्या टोकांना आटे नुसत्या स्पर्शानं कळायला लागले होते. आणि बापाच्या सायकलीच्या वेळी मात्र ती काचेच्या दुकानातल्या पांढऱ्या उजेडाला दबली. गप्प राहिली. फाटलेल्या आट्यांचा चुरा तिनं रुमालात बांधून आणला होता, तो का आणला हे तिला सांगता आलं नसतं. घरी आई, गोजरबाई, सोफ्यावर पाय वर घेऊन शेंगा सोलत बसली होती. "झाली का गाडी?" तिनं विचारलं. आई सायकलीला गाडीच म्हणायची. करुणा म्हणाली, "नाही झाली." "मग?" "मग काय, बिघडली." आईनं एक शेंग फोडली. करुणाला तो आवाजही सहन झाला नाही.

सायकल आली तेव्हा करुणा शाळेत होती. बापाच्या, म्हणजे बन्सीच्या, कारखान्यात एक अजस्र प्रेस बसवायला इटलीहून माणूस आला होता. रेन्झो नाव. उंच, काटकुळा, कानांवर केस आलेला. तो स्वतःच्या सामानाबरोबर ही निळी सायकल घेऊन आला, एवढ्या लांब, याचंच सगळ्यांना नवल. रविवारी तो खुलताबादचा घाट चढायला जायचा आणि बन्सी आपल्या काळ्या, भरभक्कम सायकलीवर त्याच्या मागं. दोघांना एकमेकांची भाषा यायची नाही. घाटाच्या वर दर्ग्याजवळच्या टपरीवर चहा प्यायचे, पेरू खायचे आणि परत यायचे. बाप घरी येऊन आईला सांगायचा, "आज लई बोललो आम्ही." प्रेस चालू झाला, रेन्झो निघाला, आणि जाताना त्यानं सायकल बन्सीच्या हातात दिली. पुढचा प्रसंग करुणानं पाहिला नव्हता, पण घरात तो इतक्यांदा सांगितला गेला की तिला गेटवरचं ऊनसुद्धा आठवायचं. फोरमन आप्पासाहेब सायकलीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बन्सी, ही काय तुझ्या कामाची नाय. चालवणार कोण हिला?" आणि मग आवाज खाली आणून, "आमच्या शिवराजला शोभंल. तू काय करतो?" आजूबाजूला शिफ्ट सुटलेली माणसं. बाप म्हणाला, "मीच चालवणार, साहेब." दुसऱ्या दिवसापासून तो पहिल्या पाळीला त्या सायकलीवरून जायला लागला. निळी, सडपातळ, वाकड्या हँडलची सायकल, तिच्यावर खाकी पँटवाला काळासावळा बन्सी, आणि हँडलला अडकवलेला डबा. रिटायर होईपर्यंत. त्यानंतर ती गॅलरीत उभी राहिली, टायर वाळून चिरले, आणि गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाप गेला. प्रणय, तिचा धाकटा भाऊ, पुण्याहून आला, सगळं उरकून परत गेला, आणि जाताना गॅलरीत उभा राहून म्हणाला, "ताई, ही मी नेतो. हॉलमध्ये भिंतीवर लावू. वरून लाइट सोडला ना, भारी दिसेल." करुणा म्हणाली, "भिंतीवर नाही लावायची." "मग काय करायची?" "चालवायची." प्रणय हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "कोण?"

तेव्हापासून हे सुरू झालं होतं. आता आटे गेल्यावर तर जो भेटेल तो भिंतच सुचवायला लागला. औरंगपुऱ्यात गल्लीबोळातली सायकलची जुनी दुकानं ती एकेक करून फिरली. नोकरी सुटल्यावर, रिक्षांच्या आणि दुचाक्यांच्या धुरातून वाट काढत, हातात पिशवीत गुंडाळलेली वाटी. एका म्हाताऱ्या दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवून वाटी उजेडात धरली. तो मायेनं बोलला, त्याचाच तिला जास्त त्रास झाला. "आपा, ये तो अपने इधर का मालच नहीं है. रखो इसको, यादगार है. अच्छा पेंट मारके ड्रॉइंगरूम में लटकाव." दुसरा म्हणाला, "ताई, एवढ्या खटाटोपात नवी गेरवाली येतीय की." तिसऱ्यानं वाटी हातात न घेताच मान हलवली. त्यांचं चुकत नव्हतं. चुकत नव्हतं म्हणूनच तिला रस्त्यात उभं राहून ओरडावंसं वाटायचं. शेवटी एका परदेशी विक्रेत्याकडं तशीच जुनी वाटी सापडली. त्याच्या पत्त्याच्या यादीत शहराचं नवं नाव नव्हतं, जुनं होतं. तिनं जुनं निवडलं. पार्सल मुंबईत अडकलं, सुटलं, आणि नंतर बिहारमधल्या औरंगाबादला जाऊन बसलं. कुरिअरच्या माणसाशी बोलताना ती दर वेळी आधी शांत असायची. "मॅडम, डिलिव्हरी का पता तो औरंगाबादच लिखा है ना?" "पिनकोड बघा." "पिनकोड अलग दिख रहा है, इसलिए होल्ड पे है." ती फोन ठेवायची आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये ताटासमोर नुसती बसून राहायची. घास गिळताना वाटायचं, आपलंच काहीतरी कुठंतरी चुकीच्या गावाला जाऊन पडलंय. आणि मग लगेच स्वतःचा राग यायचा, की एका लोखंडाच्या वाटीवरून हे असं वाटून घ्यायचं कारण काय. बाप गेला तेव्हा ती रडली नव्हती. पाहुण्यांचा चहा, विहारातला कार्यक्रम, पेन्शनचे कागद, यात रडायचं राहून गेलं होतं. आता वाटी यायची वाट बघताना डोळे भरून यायचे आणि ते तिला अगदी चुकीचं, जवळजवळ अपमानाचं वाटायचं.

वाटी आली. तिनं दुसऱ्या दिवशी कामावर नेली आणि सगळे जेवायला गेल्यावर गेज लावला. गेज बसला नाही. विक्रेत्यानं इंग्लिश, म्हणजे नेहमीच्या उलट्या आट्यांची वाटी पाठवली होती. करुणानं ती टेबलावर ठेवली. मग उचलली. मग सरळ लाल डब्यात टाकली. शेजारची सायली, नुकतीच लागलेली इंजिनिअर मुलगी, दारातून आत येत म्हणाली, "मॅडम, हा आपला पार्ट आहे का?" करुणा म्हणाली, "नाही. कुणाचाच नाहीये." आणि इतक्या कडक आवाजात म्हणाली की सायली दारातच थांबली.

नुसत्या वाटीनं भागणार नाही, नळकांड्यातलेच आटे गेलेत, हे कळल्यावर सुदर्शनचं नाव तिला सायकलवाल्यांच्या एका ग्रुपवर मिळालं. भोसरीला पोलादी नळ्या जोडून तो माणसांच्या मापाच्या सायकली बनवायचा. फोन उचलायचा नाही. उचलला तर मागं ग्राइंडर चालू असायचा आणि तो "हां, हां, नंतर" म्हणायचा. असं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चाललं. शेवटी तिनं रजा टाकली, सुटी केलेली फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळली, ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवी घातली आणि न विचारताच त्याच्या शेडवर जाऊन उभी राहिली. सुदर्शन चाळिशीचा, जाडजूड, दाढीत लोखंडाची पूड. त्यानं चादर सोडली, नळकांड्यात बोट घालून फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "कुणी केलं हे?" "झालं," ती म्हणाली. "आटे संपलेत. हा तुकडा कापून काढावा लागेल. नवा बसवीन, पण चारही नळ्या गरम होणार. रंग जळेल इथला." "जळू द्या." "ओरिजिनल रंग आहे, मॅडम. जमवणारे लोक याच्यासाठी जीव टाकतात. मी म्हणतो, हात नका लावू. आहे तशी भिंतीला—" "भिंतीचं नाव काढू नका," करुणा म्हणाली. तिचा आवाज शेडच्या पत्र्यावर आपटून परत आला. ग्राइंडर चालवणारा माणूस थांबून बघायला लागला. सुदर्शननं दाढी खाजवली. रागावला नाही. "बरं. चालवणार कोण पण?" त्यानं विचारलं. साधा, धंद्याचा प्रश्न होता; प्रत्येकाला तो हेच विचारत असणार. पण करुणाच्या कानात तो प्रश्न त्याच्या तोंडून आला नाही. तो गेटवरून, उन्हातून, खाली आणलेल्या आवाजात आला. "माझी आहे," ती म्हणाली. "मीच चालवणार." सुदर्शननं तिला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, मग फ्रेमकडं पाहिलं. "होळीनंतर फोन करा," तो म्हणाला.

होळीनंतर तो फोन उचलेना. मग त्याचा भाचा वारला, मग नळ्या जोडायच्या चांदीमिश्रित कांड्या संपल्या, मग शेडची वीज गेली. करुणाला त्याची कारणं खोटी वाटायची नाहीत, हीच पंचाईत होती. या सगळ्यात कुणी खोटं बोलत नव्हतं, कुणी फसवत नव्हतं, आणि तरीही एक सायकल उभी राहत नव्हती. संध्याकाळी गॅलरीत ती रिकामी चाकं भिंतीला टेकून उभी दिसायची. प्रणयचा फोन यायचा. "ताई, झालं का?" तो आता चेष्टा करत नव्हता, काळजीनं विचारायचा, आणि ते ऐकून ती अजून चिडायची. एकदा तो म्हणाला, "खरं सांग, तुला नेमकं काय पाहिजे? बाबांची आठवणच पाहिजे ना?" ती म्हणाली, "आठवण नको मला. आठवण आहेच की." पुढचं तिला सांगता आलं नाही. गेटमधून बाप सायकलवरून आत जायचा आणि माणसं बाजूला व्हायची, ते तिला पाहिजे होतं. पण ते एका वाक्यात कसं सांगणार, आणि ते मागितल्यासारखं झालं तर कसं दिसेल?

सायकल शेवटी उन्हाळ्यात आली. सुदर्शननं काम नेटकं केलं होतं. तळाशी हातभर भाग जळून काळपट-तपकिरी झाला होता, त्यावर त्यानं नुसतं पारदर्शक वार्निश मारलं होतं. चाकं, ब्रेक, साखळी, सगळं जागेवर. करुणानं पेडलचा क्रँक हातानं फिरवला आणि तो आवाज न करता फिरत राहिला, बराच वेळ, आपल्याआपण थांबेपर्यंत. तिला इतकं हलकं वाटलं की ती आईला हाक मारायला वळली. आई आधीच दारात होती. "बस की मंग," गोजरबाई म्हणाली. करुणानं ओढणी खोचली, पाय टाकला, आणि मधेच अडकली. वरचा दांडा फार वर होता. सीट पार खाली, जाईल तितकी खाली गेलेली. तरी चवडेच टेकत होते, तेही एका बाजूला झुकल्यावर. ती उतरली. पान्यानं सीट अजून दाबून पाहिली. जागा नव्हती. पुन्हा चढली. हँडल हाताला लागायला पोटातून पुढं ताणावं लागलं; मानेपासून कमरेपर्यंत एक कळ उठली. ही सायकल तिची नव्हती. कधी होणारच नव्हती. ही रेन्झोसारख्या लांबलचक माणसासाठी बनली होती, आणि तिची उंची बापावर गेली होती.

बापावर. ती तशीच, एक पाय हवेत, उभी राहिली. बन्सीचे चपलेतले पाय तिला आठवायला लागले. लहानपणी ती मागायची तेव्हा तो म्हणायचा, तुझे पाय नाय पुरत अजून. त्याचे तरी कुठं पुरत होते? "आई," ती म्हणाली, "बाबांना ही मोठी व्हायची?" गोजरबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू पोरीनं सूर्य कुठं उगवतो ते विचारलं. "मोठी म्हंजी? लई मोठी. रोज कामावरून आले की पालथे पडायचे. मी लाटणं फिरवायची पाठीवर. तुला म्हाईत नव्हतं व्हय?" "मग का चालवायचे?" "मी बी म्हणायची, आपली काळी काय वाईट हाय. तर म्हणायचे, गोजर, आता उतरता येत नाय." आई दाराच्या चौकटीला टेकली. "गेटातून आत गेले की कुणी बघायच्या आत उतरायचे, भिताडाला धरून. तिथं पडले होते एकदा. घरी म्हणाले, जिन्यावरून घसरलो." ती एवढं सांगून आत गेली, कुकर लावायला.

करुणाला रडू आलं नाही. राग आला, आणि या वर्षभरातला हा पहिला राग होता जो नेमक्या जागी जाऊन बसला. अभयवर नाही, सुदर्शनवर नाही, बिहारला गेलेल्या पार्सलवर नाही. बापावर. सगळी नोकरी पाठ मोडून घेतली, आणि आम्हाला दाखवलं काय, तर रुबाब. आम्ही तो खरा धरला. मी तर तो परत मागायला निघाले होते. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि मग, गॅलरीतल्या उन्हात, तिला वाटलं की कुणाला सांगणार होता तो? आप्पासाहेबांना? की मला? मी काय म्हणाले असते? मी म्हणाले असते, बाबा, मग द्या ना ती शिवराजला. नक्की हेच म्हणाले असते. लहान होते, मला दुखणं दिसलं असतं, गेट दिसलं नसतं. तिनं प्रणयला फोन लावला, रिंग जायच्या आत कापला. भिंतीवर लावायची तर आजच लावता आली असती. कुणी नावं ठेवली नसती. उलट सगळ्यांना बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी तिनं सायकल जिन्यावरून खाली आणली. आई म्हणाली, "पडशील." करुणा म्हणाली, "पडेन." सिडकोतल्या कोपऱ्यावरच्या ओट्याला टेकवून ती चढली, ढकलली, आणि पहिले काही क्षण तिला फक्त पाठ होती. मग चाकांनी वेग घेतला आणि पाठ राहिली, पण एकटी राहिली नाही. हवा होती, साखळीची बारीक कुरकुर होती, हाताखाली थंड पोलाद होतं. प्रत्येक पायाला कंबर एका बाजूला जात होती. मागून बघणाऱ्याला ते काय दिसत असेल ते तिला कळत होतं. जालना रोडला लागली तेव्हा ऊन चढलेलं नव्हतं, कामावर जाणाऱ्या दुचाक्या, कंपन्यांच्या बसेस, दुधाच्या गाड्या. एका बसच्या खिडकीतून कुणीतरी तिच्याकडं बोट दाखवलं. तिनं मान वळवली नाही. वळवता येतच नव्हती. मुकुंदवाडीच्या सिग्नलला लाल लागला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की थांबायची सोय तिनं केलीच नव्हती. दुभाजक दोन लेन पलीकडं. फुटपाथ उखडलेला. पाय टेकवावा तर टेकत नाही. ब्रेक दाबून सायकलीचा वेग मरत चालला, तोल जायला लागला, आणि तिनं डाव्या हातानं शेजारी उभ्या रिक्षाचा दांडा पकडला.

रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्यानं तिचा हात पाहिला, हवेत लोंबणारा पाय पाहिला. "धरा, धरा," तो म्हणाला, "ब्रेक दाबून ठिवलाय म्या." मागचा कुणीतरी हॉर्न वाजवत होता. रिक्षावाला थोडा वेळ सायकलीकडं बघत राहिला. "ताई, मोठी नाय का झाली ही तुम्हाला?"

करुणाचा श्वास अजून खाली बसला नव्हता. दांडा कोमट होता, इंजिनाचा थरथराट तिच्या कोपरापर्यंत येत होता. "हो," ती म्हणाली. "मोठी आहे. आम्हाला सगळ्यांनाच मोठी होती."

"मंग उतरायचं कसं?"

"तेच बघायचंय."

तो हसला. मग सिग्नलकडं बघत म्हणाला, "लागला हिरवा. मी हळू सोडतो, तुम्ही सोडू नका लगीच." रिक्षा हळूच पुढं निघाली, तिच्याबरोबर सायकल, तिच्याबरोबर करुणा, कंबर मोडून पुढं वाकलेली. पायाला पेडल सापडलं. चौक अर्धा ओलांडल्यावर तिनं हात सोडला. सायकल एकदा डावीकडं गेली, मग सरळ झाली.